किती उरलीय?

चहात बिस्कीट बुडवलेलं असताना फोन आला. "बाबा, मी अंडरपासमध्ये अडकलेय," एवढंच ऐकलं आणि बिस्कीट तळाला गेलं. ताथवड्यात जुलै महिन्यात या वाक्याचा अर्थ एकच असतो. हायवेखालच्या आमच्या अंडरपासमध्ये पाऊस झाला की पाणी साचतं, आणि पाणी साचलं की निम्मं गाव अलीकडे, निम्मं पलीकडे अशी फाळणी होते.

"पाणी कुठपर्यंत आलंय?" मी चप्पल शोधत विचारलं.

"पाणी नाहीये हो. चार्जिंग संपलंय."

जाऊन बघतो तर आमची धाकटी चढाच्या कडेला कठड्यावर बसलेली, आणि मांडीवर चाकं लावलेली आठ किलोची फळी. येणारा-जाणारा प्रत्येक दुचाकीवाला तिच्याकडे बघायला वेग कमी करत होता आणि मागे रांग लागली होती. भूमकर चौकात जे काम करायला शेकडो गाड्या लागतात, ते हिनं एका फळीवर उरकलं होतं.

ही फळी म्हणजे विजेवर चालणारं स्केटबोर्ड, आणि तेही घरी केलेलं. आपल्याकडे 'घरी केलेलं' हे विशेषण चकलीला लागतं, लोणच्याला लागतं, फार तर गणपतीच्या मखराला. पण लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, विषय इलेक्ट्रॉनिक्स. तेव्हा चकलीची अपेक्षा मीही सोडून दिली आहे. मोटर आणि वायरी तिनं पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून आणल्या. सेल आणले ओळखीच्या एका ई-बाइक दुरुस्तीवाल्याकडून, जुन्या पॅकमधून उतरवलेले. १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर उंचीचे असे वीस सेल. दोन-दोनच्या दहा जोड्या एकामागे एक जोडलेल्या. आणि हे सगळं फळीखाली ज्या पसरट प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलंय, त्यात पूर्वी आमच्या फ्रिजमध्ये निवडलेली कोथिंबीर असायची. हा डबा कुठे गेला म्हणून घरात पंधरा दिवस शोध चालू होता. सापडला तेव्हा त्याला आठ स्क्रू मारलेले होते.

या वयात मुलीनं फळीवर उभं राहून रस्त्यानं जाणं बरं दिसतं का, असं मी एकदा विचारून पाहिलं. तिनं लगेच सुनावलं, की स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं त्यात सुवर्णपदक मिळवलंय. मी म्हटलं, पण तिच्या बोर्डला मोटर कुठे होती? "ती खेळाडू आहे, बाबा. मी आळशी आहे." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तर बोर्डला सगळं होतं. रिमोट होता, ब्रेक होता, पुढे पांढरा दिवा होता, मागे लाल. फक्त बॅटरी किती उरलीय हे सांगणारं काही नव्हतं. "त्यात काय एवढं? संपली की कळतंच," असं ती स्कूटरवर मागे बसून, बोर्ड पोटाशी धरून म्हणाली.

हे वाक्य तिनं कुणासमोर उच्चारलं ते सांगतो. मी एकतीस वर्षं, आधी भोसरीत आणि मग चाकणला, कॅलिब्रेशनमध्ये काढली. म्हणजे कारखान्यातली मापं खरं बोलतात की नाही हे तपासायचं. मायक्रोमीटर, डायल गेज, प्रेशरचा काटा, जे जे म्हणून आकडा दाखवतं ते वर्षातून एक-दोनदा माझ्यासमोर हजर व्हायचं. खरं निघालं तर हिरवं स्टिकर, खोटं निघालं तर लाल, आणि प्रत्येकावर पुढची ड्यू डेट. आमच्या धंद्यात मापाला गोत्र लागतं. शॉपवरचं गेज स्टँडर्ड रूममधल्या मापावरून तपासलेलं, ते मान्यताप्राप्त लॅबमधल्या मापावरून, आणि असं वर वर जात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. ज्याचं गोत्र सांगता येत नाही तो आकडा आम्ही पंक्तीला घेत नाही. अशा माणसाच्या पोटी 'संपली की कळतं' म्हणणारी पोरगी यावी!

अर्थात खरं बोलायचं तर आमच्या घराण्याची परंपरा तिच्याच बाजूची आहे. माझ्या वडिलांची सेकंडहँड चेतक होती. तिला पेट्रोलचा काटा नव्हता, तोटी होती. चालू, बंद आणि रिझर्व्ह. गाडी आचके द्यायला लागली की तोटी रिझर्व्हला फिरवायची. रिझर्व्हही संपलं की गाडी उजवीकडे-डावीकडे वाकवायची, कोपऱ्यात लपलेलं घोटभर पेट्रोल खाली यायचं आणि माणूस पंपापर्यंत पोचायचा. त्याआधीची तपासणी म्हणजे झाकण उघडून गाडी हलवायची आणि आत डोकावून कान द्यायचा. डुबुक आवाज जाड आला तर चिंचवड, पातळ आला तर घरी. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की आम्ही ते गच्चीवर उन्हात ठेवायचो, त्यानंही भागलं नाही तर दातानं चेपायचो. जिभेला वायर लावून सेल जिवंत आहे का बघणारेही आमच्या गल्लीत होते. त्यांना आम्ही येडे समजायचो; पुढे वाचलं की ज्याच्या नावावरून व्होल्ट आला त्या व्होल्टानंही धातूचे तुकडे जिभेला लावून प्रयोग केले होते. १८०० साली त्यानं पहिली बॅटरी केली, तिलाही इंडिकेटर नव्हता.

आणि ताथवड्यात काय वेगळं आहे? गाव २००९ साली महापालिकेत आलं, मागोमाग टॉवर आले, पाणी मात्र अजून बरंचसं टँकरनं येतं. सोसायटीची टाकी भरली की गच्चीवरून धो-धो आवाज येतो आणि रिकामी झाली की तोंडाला साबण लावलेला माणूस ओरडतो. या दोहोंच्या मधलं माप आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊक नाही.

घरात एकच व्यक्ती या बाबतीत शास्त्रशुद्ध आहे, ती म्हणजे माझी आई. गॅसच्या टाकीवरून ती ओलं फडकं फिरवते. वरचा भाग लवकर सुकतो, खाली जिथपर्यंत द्रवरूप गॅस असतो तिथपर्यंत ओल टिकते, आणि त्या रेघेवर बोट ठेवून ती "अजून आठ दिवस" असं सांगते. बोर्ड तयार झाल्याझाल्या तिनं एका टोकाला धरून उचलून बघितलं होतं. "जड आहे. भरलेली दिसतेय." लेक हसून लोळायची बाकी राहिली. मी पण हसलो, आणि रात्री झोप येईना म्हणून हिशेब केला. आईन्स्टाईनच्या सूत्रानं भरलेली बॅटरी रिकामीपेक्षा खरोखरच जड असते. एका मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी, पण असते. आईची पद्धत बरोबर होती, फक्त तिच्या हाताचा लीस्ट काउंट तेवढा बारीक नव्हता.

मग अंडरपासच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही बापलेकीनं बॅटरीचा काटा बसवायचं मनावर घेतलं.

पहिला मीटर ऐंशी रुपयांचा. दोन वायरी, लाल आकडे, नखाएवढा. लेकीनं जोडला, आकडे लखलखले, मी "वा!" म्हणायला तोंड उघडलं आणि आकड्यांच्या जागी धुराची बारीक बट उठली. मीटरच्या मागे ३० व्होल्टपर्यंतच जोडा असं लिहिलं होतं. दहा लिथियम सेल भरलेले असले की ४२ होतात. "मागचं वाचलं नाहीस?" मी विचारलं. "ते चिकटवायच्या बाजूला होतं," ती म्हणाली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "जळाल्याचा वास कोथिंबिरीच्या डब्यातून येतोय का?"

दुसरा होता पट्ट्यांचा, मोबाइलवर असतो तसा. सेलची संख्या ठरवून द्यायची की झालं. हा जळाला नाही. यानं वेगळा छळ मांडला. सोसायटीच्या सपाट आवारात चारही पट्ट्या. गेटबाहेरच्या चढाला लागली की एक पट्टी. चढ संपला की तीन. लेकीला वाटलं सोल्डरिंग सैल आहे, म्हणून दोनदा उघडून केलं. वॉचमनकाका रोज बघत होते. ते म्हणाले, "साहेब, हे आमच्या पंढरपूरच्या चालण्यासारखं आहे. चढाला जीव जातो, टेकलं की परत येतो."

काकांनी ओहमचा नियमच सांगितला होता. बॅटरीच्या पोटात स्वतःचा थोडा रोध असतो. आमच्या जुन्या पॅकचा पाव ओहमच्या आसपास निघाला. चढावर मोटर वीस अँपिअर ओढते. वीस गुणिले पाव, म्हणजे पाच व्होल्ट बॅटरीच्या दारातच खर्च. ३७ असले तर बाहेर ३२ दिसतात आणि पट्ट्यांना वाटतं संपली. म्हणजे हा काटा बॅटरीची शिल्लक सांगतच नव्हता, मूड सांगत होता. मी लिफ्ट बंद असताना पाच मजले चढून आलो की बायको "बरे आहात ना?" विचारते, तेव्हा मी जे उत्तर देतो ते एक, आणि रविवारी श्रीखंडानंतर लोडाला टेकून देतो ते दुसरं. माणूस तोच, व्होल्टेज वेगळं.

बरं, उभ्याउभ्या मोजावं तर तिथेही फसगत. ४२ म्हणजे भरलेली, ३० म्हणजे रिकामी, मग ३६ ला निम्मी असं कुणीही म्हणेल. पण लिथियम सेल पगारासारखा उतरतो. एक तारखेला जमा; पाच तारखेच्या आत घराचा हप्ता, मेंटेनन्स, किराणा, आकडा धडाधड खाली. मग सहा तारखेपासून चोवीसपर्यंत एका सेलला साडेतीन-पावणेचारच्या मध्ये तो असा रेंगाळतो, की खर्च होतोय हेच कळत नाही. पंचवीसला नात्यात एखादं लग्न निघतं आणि तिथून थेट कडेलोट. चोवीस तारखेला खिशावरून हात फिरवून जो महिन्याचा अंदाज बांधतो त्याचं जे होतं, तेच आमच्या पट्ट्यांचं होत होतं.

"मग काय करायचं?" लेकीनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला अभ्यासातलं काही विचारलं होतं. मी घसा खाकरला.

"वाण्याची वही," मी म्हणालो.

माझ्या लहानपणी कोपऱ्यावरच्या वाण्याला गिऱ्हाइकाचं तोंड बघून उधारी ठरवायची गरज नसे. काय नेलं, काय दिलं, सगळं वहीत. बॅटरीचंही तेच करायचं. वाटेत एक शंट घालायचा, म्हणजे पितळी ठोकळ्यांमधली एक जाडजूड पट्टी. ५० अँपिअर गेले की तिच्यावर ७५ मिलिव्होल्ट दिसतात, त्यावरून दर क्षणाला किती वीज आली-गेली ते मोजायचं आणि बेरीज-वजाबाकी करत राहायचं. एक अँपिअर एक सेकंद वाहिला की एक कूलंब, म्हणून या पद्धतीला कूलंब काउंटिंग म्हणतात. फ्रेंच माणसाचं नाव लागलंय, धंदा वाण्याचाच. ७५ मिलिव्होल्टचा शंट बघितल्यावर मला भरून आलं. आमच्या स्टँडर्ड रूममध्ये खिडकीशेजारच्या कपाटात अगदी तसाच होता.

हा तिसरा मीटर साडेसातशेचा. बसला, चालला, चढावर हलेना. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. दुसऱ्याच दिवशी पुनावळ्याच्या वाटेवर शिल्लक २१ टक्के दाखवत बोर्ड थंड पडलं.

चूक वहीची नव्हती, वहीच्या पहिल्या पानाची होती. एकूण किती मावतं हे मीटरला आपण सांगावं लागतं. लेकीनं सेलच्या अंगावर छापलेला आकडा घातला होता, २६०० ची जोडी म्हणजे ५.२ अँपिअर-अवर. पण ते सेल एका गाडीत नोकरी करून निवृत्त झालेले. अंगावर छापलेला आकडा म्हणजे स्थळाच्या पत्रिकेतली उंची. माझ्या अंगात मात्र एकतीस वर्षं संचारली. "रविवारी कॅलिब्रेशन," मी जाहीर केलं.

जागेचा प्रश्न चेअरमननी उपस्थित केला. हे वाहन आहे का? वाहन असेल तर पार्किंग चार्ज, खेळणं असेल तर पार्किंगमध्ये खेळायला बंदी. लेकीनं नियम वाचून ठेवला होता: विजेची दुचाकी २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर तिला नोंदणी लागत नाही. "पण ही दुचाकी नाही," चेअरमन म्हणाले. "चार चाकं आहेत." म्हणजे मोटार? तेही म्हणवेना. चढावर ती सहाशे वॉटच्या वर ओढते हे आम्ही दोघंही बोललो नाही. शेवटी मिनिट्समध्ये 'चाके असलेली वस्तू' अशी नोंद होऊन पोडियमवर रविवारी अकरा ते एक परवानगी मिळाली.

मी टेबल मांडलं, खुर्ची, वही, घड्याळ, दोन रंगांची पेनं. पोडियमची एक फेरी टेपनं मोजली, ३१० मीटर. बॅटरी हिरवा दिवा लागेपर्यंत भरलेली, मीटर शून्यावर. अकरा वाजून चार मिनिटांनी लेक निघाली. पहिल्या पाच फेऱ्या बघायला मी एकटाच होतो; दहाव्या फेरीला बाल्कन्या भरल्या; पंधराव्याला मुलं मोठ्यानं आकडे म्हणायला लागली; विसाव्याला कुणी तरी पोहे आणले. गाव शेजारी आहे हे विसरायला होतं, पण सरकारी वळूमाता प्रक्षेत्राच्या बाजूनं आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गेटवर थांबून विचारलं, "शर्यत आहे का?" काका म्हणाले, "नाय, तपासणी आहे." ते समाधानानं मान हलवून गेले. तिथे वळूंचीही होत असणार.

अडतिसाव्या फेरीत, तुळशीच्या कुंडीपाशी, बोर्ड थांबलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायच्या राहिल्या होत्या. मीटरवर ४.१. मी वहीत लिहिलं, खाली सही केली, 'तपासणारा' आणि 'मंजुरी' या दोन्ही ठिकाणी माझीच. मग मीटरमध्ये ५.२ च्या जागी ४.१ भरलं आणि खिशातून हिरवं स्टिकर काढलं. निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवरमध्ये एक पट्टी उरली होती ती आठवण म्हणून आणली होती. कंपनीच्या मालमत्तेबद्दल कुणी विचारू नये. पुढची ड्यू डेट सहा महिन्यांनंतरची. लेक म्हणाली, "बाबा, स्टिकरशिवायही चाललं असतं." चाललं असतं. लग्नही अक्षतांशिवाय लागतं.

आता आकडा खरा येतो आणि त्याचा त्रास सगळ्यांना सुरू झालाय. पूर्वी ती बिनधास्त डांगे चौकापर्यंत जायची. आता ६० च्या खाली आलं की गेटावरून परत फिरते. बायको पूर्वी "कुठे निघालीस?" विचारायची, आता "किती आहे?" विचारते, आणि ४० च्या आत असेल तर आधी जेवून जायला सांगते.

परवा मंगळवारी बोर्ड पार उतरवून आणलं, हॉलमध्ये चार्जिंगला लावलं आणि लेक अंघोळीला गेली. डोकं पुसत बाहेर आली तेव्हा मैत्रिणीचा फोन, खाली ये. मीटर डब्याच्या खालच्या अंगाला. बघायचं तर बोर्ड उलटं करायला हवं. "किती झाली असेल?" ती स्वतःशीच म्हणाली.

"अर्धी," सोफ्यावरून आई म्हणाली. डोळे टीव्हीवर.

लेकीनं बोर्ड उलटं केलं. ४९.

"आजी! उचलून बघितलंस?"

"उचलते कशाला या वयात? तू लावलीस तेव्हा आठची मालिका लागत होती. आता दुसरी संपली. शनिवारी चार मालिका झाल्या आणि बातम्या सुरू होऊन थोड्या वेळानं हिरवा दिवा लागला होता. मग दोन म्हणजे अर्धी नाही तर काय?"

मी वही काढली. चार्जर दोन अँपिअरचा. दोन मालिका म्हणजे एक तास, म्हणजे दोन अँपिअर-अवर. भागिले ४.१. पुन्हा एकदा भागून बघितलं.

"जाहिराती धरून हं," आई म्हणाली.